‘पाच वर्षांपूर्वी’ हे शब्द कोणाच्या वयाला लागू होतात? वयांच्या उदाहरणांची मांडणी

प्रश्न (नववीच्या मुलीची आई)

माझी मुलगी यंदा नववीत असून तिच्या वर्गात सध्या दोन चलांतील रेषीय समीकरणे शिकवली जात आहेत. समीकरणे तयार दिली की ती लोप पद्धतीने अचूक सोडवते. परंतु वयांचे शाब्दिक उदाहरण आले की तिथेच अडते. काल तिने सोडवलेले उदाहरण असे होते: ‘पाच वर्षांपूर्वी आईचे वय मुलीच्या वयाच्या सातपट होते. पाच वर्षांनंतर ते मुलीच्या वयाच्या तिप्पट होईल. तर दोघींची आजची वये काढा.’

तिने आईचे वय क्ष आणि मुलीचे वय य मानून क्ष − ५ = ७य आणि क्ष + ५ = ३य अशी समीकरणे मांडली. उत्तर आले य = −२.५. वय ऋण येणार नाही हे तिच्या लगेच लक्षात आले, म्हणून तिने आकडेमोड तीनदा तपासली, पण आकडेमोडीत चूक नव्हतीच. मांडणी चुकली आहे हे मला दिसते. मात्र दर वेळी ‘दोघींच्या वयांतून वजा कर’ असे मी न सांगता ते तिचे तिला कसे कळावे? मी स्वतः शाळेत ही उदाहरणे साचे पाठ करून सोडवली होती आणि तिने तसे करू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद (निवृत्त गणित शिक्षक)

ताई, ही चूक मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिली आहे आणि तिचे मूळ गणितात नसून वाक्यरचनेत आहे. ‘पाच वर्षांपूर्वी’ हे शब्द वाक्याच्या आरंभी एकदाच येतात आणि त्यांच्या लगेच पुढे ‘आईचे वय’ येते, त्यामुळे वजाबाकी केवळ आईच्या वयाला चिकटते. ‘मुलीच्या वयाच्या’ या शब्दांपर्यंत पोहोचेतो विद्यार्थी ते शब्द विसरलेला असतो आणि तिथे आजचे वय लिहून मोकळा होतो. म्हणून आपल्या मुलीला समीकरण लिहिण्यापूर्वी वाक्य पूर्ण करून वाचायला सांगावे: ‘पाच वर्षांपूर्वी आईचे जे वय होते, ते मुलीच्या पाच वर्षांपूर्वीच्या वयाच्या सातपट होते.’

दुसरी सवय कोष्टकाची. आडव्या ओळीत आई आणि मुलगी, उभ्या स्तंभांत ५ वर्षांपूर्वी, आज आणि ५ वर्षांनंतर असे मांडले की आईच्या ओळीत क्ष − ५, क्ष, क्ष + ५ आणि मुलीच्या ओळीत य − ५, य, य + ५ येते. सहाही घरे भरल्याशिवाय ‘सातपट’ या शब्दाकडे पाहायचेच नाही. त्यानंतर प्रत्येक अट एकाच स्तंभातील दोन घरे जोडते: क्ष − ५ = ७(य − ५) आणि क्ष + ५ = ३(य + ५). कंस सोडवले की क्ष = ७य − ३० आणि क्ष = ३य + १० मिळते, म्हणून ४य = ४०, य = १० आणि क्ष = ४०. पडताळा समीकरणात न घेता मूळ वाक्यात घ्यावा, कारण चुकीच्या समीकरणाचे उत्तर त्या समीकरणाशी नेहमीच जुळते. पाच वर्षांपूर्वी वये ३५ आणि ५ होती, म्हणजे सातपट; पाच वर्षांनंतर ती ४५ आणि १५ होतील, म्हणजे तिप्पट.

आणखी एक आग्रह. वहीत ‘मुलगी = य’ असे लिहू देऊ नये; ‘मुलीचे आजचे वय य वर्षे मानू’ असे पूर्ण वाक्य हवे. आपल्या जुन्या गणितात अव्यक्त राशीला ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके असेल तितके’, असे म्हणत आणि बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी एकाहून अधिक अव्यक्तांसाठी कालक, नीलक अशी रंगांची नावेही वापरली. नाव कोणतेही असो, ते व्यक्तीचे नसून राशीचे आहे, आणि ती राशी नेमकी कोणत्या काळातली हे ठरल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

प्रतिसाद (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी)

वयवारीच्या प्रश्नांत आम्ही एका गोष्टीवर भर देतो: दोन व्यक्तींच्या वयांतील फरक कधीही बदलत नाही. वरील उदाहरणात आधीचे गुणोत्तर ७ : १ असून फरक ६ भाग आहे, तर नंतरचे ३ : १ असून फरक २ भाग आहे. फरक समान करण्यासाठी दुसरे गुणोत्तर ९ : ३ असे लिहावे. मग प्रत्येकीचे वय २ भागांनी वाढलेले दिसते आणि ही वाढ १० वर्षांची आहे, म्हणजे १ भाग ५ वर्षांचा. हे तोंडी होते. तरीही नववीत आधी समीकरणच शिकावे, कारण अटीत गुणोत्तराऐवजी वयांची बेरीज दिली की ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही.

पुन्हा प्रश्न (नववीच्या मुलीची आई)

आपणा दोघांचे आभार. कोष्टक भरताना तिची चूक तिनेच शोधली. आता ती पुढच्या उदाहरणावर थांबली आहे: ‘मोठा भाऊ धाकट्याला म्हणाला, मी तुझ्या आजच्या वयाचा होतो तेव्हा तुझे जे वय होते, त्याच्या तिप्पट माझे आजचे वय आहे. दोघांच्या आजच्या वयांची बेरीज ५० आहे.’ येथे किती वर्षांपूर्वी हे दिलेलेच नाही.

प्रतिसाद (निवृत्त गणित शिक्षक)

दिलेले नाही, परंतु वाक्यात दडलेले आहे. मोठ्याचे आजचे वय क्ष आणि धाकट्याचे य मानले, तर मोठा भाऊ य वर्षांचा होता त्याला क्ष − य वर्षे झाली. तितकीच वर्षे धाकट्याच्याही वयातून वजा होतात, म्हणून तेव्हा त्याचे वय य − (क्ष − य), म्हणजे २य − क्ष होते. आता अट लिहावी: क्ष = ३(२य − क्ष), म्हणून ४क्ष = ६य, म्हणजेच २क्ष = ३य. क्ष + य = ५० हे जोडले की क्ष = ३० आणि य = २० येते. दहा वर्षांपूर्वी मोठा २० वर्षांचा आणि धाकटा १० वर्षांचा होता, आणि १० ची तिप्पट ३० होते. कंसापूर्वीच्या वजा चिन्हामुळे २य − क्ष ऐवजी −क्ष लिहिले जाण्याची शक्यता असते. ती पायरी तिने स्वतंत्र ओळीत लिहावी.