'स्टॉल', 'सर्ज' आणि 'फंक्शनल मटेरियल': मराठीत काय लिहावं?

प्रश्न: कॉम्प्रेसरमधल्या हवेच्या प्रवाहावर आणि त्यात वापरता येणाऱ्या नव्या पदार्थांवर मराठीत टिपण लिहितोय. 'स्टॉल' आणि 'सर्ज' दोन्हींसाठी 'प्रवाह-अवरोध' चालेल का? आणि 'फंक्शनल मटेरियल' म्हणजे 'कार्यक्षम पदार्थ'?

उत्तर १: दोन्ही नकोत. 'अवरोध' म्हटलं की नळीत बोळा अडकल्याचं चित्र उभं राहतं. स्टॉलमध्ये बाहेरून काहीच अडकत नाही. हवेचा ओघ कमी झाला की ती पात्यावर जास्त तिरकी येते आणि पात्याच्या पाठीला धरून न राहता सुटते. म्हणून 'प्रवाह सुटणं' हे जास्त खरं.

अक्षीय कॉम्प्रेसरमध्ये (ज्यात हवा अक्षाच्या दिशेने सरळ पुढे जाते) तर पुढे फारच सुंदर गोष्ट घडते. एका पात्यावरचा प्रवाह सुटला की शेजारची वाट अर्धवट बंद होते आणि येणारी हवा दोन्हीकडे वळते. एका शेजारच्या पात्यावर ती आणखी तिरकी येते, दुसऱ्यावर कमी. पहिल्यावरचा प्रवाह सुटतो, दुसऱ्यावरचा सावरतो. असा हा सुटलेला पट्टा फिरत्या चक्राच्या तुलनेत मागे सरकत राहतो. बाहेरच्या स्थिर आवरणावरून पाहिलं तर मात्र तो चक्राच्याच दिशेने, पण बराच हळू फिरताना दिसतो. एमन्स आणि सहकाऱ्यांनी 1955 मध्ये हे स्पष्टीकरण मांडलं. याला 'फिरता स्टॉल' म्हणावं.

सर्ज वेगळा. त्यात कॉम्प्रेसर, पुढची नळी आणि हवेचा साठा अशी सगळी यंत्रणाच हेलकावते. जोरदार सर्जमध्ये साठ्यातली हवा उलटी येते, दाब उतरला की पुन्हा पुढे जाते, पुन्हा उलटते. ग्रायत्झर यांनी 1976 मध्ये दाखवलं की एकच कॉम्प्रेसर फिरत्या स्टॉलमध्ये जाईल की सर्जमध्ये, हे साठ्याचं आकारमान आणि पात्यांचा वेग यांवरही ठरतं. मग दोघांना एकच शब्द कसा द्यायचा?

उत्तर २: सर्जला 'उसळी' म्हणू या का?

उत्तर १: उसळी एकाच दिशेची वाटते, इथे तर प्रवाह उलटतो. प्लांटमध्ये 'कॉम्प्रेसर सर्जमध्ये गेला' असंच म्हणतात, व्हॉल्व्हही 'अँटी-सर्ज'. 'सर्ज'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा.

उत्तर ३: पदार्थांबद्दल. 'कार्यक्षम' म्हणजे कमी खर्चात जास्त काम करणारा. इथे तो अर्थच नाही. भार पेलणं हे ज्याचं मुख्य काम नसून विद्युत, चुंबकीय, उष्णताविषयक असा एखादा गुण ज्यातून कामाला लावतात, तो हा पदार्थ. पिझो स्फटिक दाबला की विद्युतभार निर्माण होतो, विद्युतदाब दिला की तो आकार बदलतो. नायटिनॉल (निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू) वाकवून तापवला की मूळ आकारात येतो. 2005 मध्ये बोइंगने 777-300ईआर विमानाच्या चाचणीत इंजिनाच्या मागच्या दातेरी कडा अशाच मिश्रधातूने हलवल्या.

या दोघांना 'प्रतिसादी पदार्थ' छान बसतं, पण अर्धवाहकही (सेमीकंडक्टर) याच वर्गात येतात आणि त्यांना ते अपुरं पडतं. म्हणून पूर्ण वर्गाला 'कार्यात्मक पदार्थ' लिहा. नायटिनॉलसारख्या शेप मेमरी अलॉयला 'आकारस्मृती मिश्रधातू' म्हणा. 'संमिश्र' लिहिलंत तर वाचक कॉम्पोझिट (वेगवेगळे पदार्थ एकत्र बांधून केलेला पदार्थ) समजेल.