आठ शाळांचं मॉडेल: डायव्हर्जन्स पूर्ण जात नाहीत

प्रश्न
रुबिन यांचा १९८१ चा आठ शाळांचा डेटा, स्टॅनमध्ये (बेझियन मॉडेल सॅम्पलरने चालवणारी भाषा). कोचिंगचे गुणांवरचे शाळानिहाय परिणाम २८, ८, उणे ३, ७, उणे १, १, १८, १२. प्रमाण त्रुटी १५, १०, १६, ११, ९, ११, १०, १८. थीटा (शाळेचा खरा परिणाम) ~ नॉर्मल(म्यू, टाऊ), म्यू ही सरासरी, टाऊ शाळाशाळांतला फरक; टाऊवर प्रायर (डेटाआधीचा अंदाज) हाफ-कॉशी(०, ५). अडॅप्ट-डेल्टा (वाढवला की सॅम्पलर बारीक पावलं टाकतो) ०.८ वरून ०.९९ केला. डायव्हर्जन्स (सॅम्पलरची वाट चुकल्याच्या सूचना) घटल्या, संपल्या नाहीत. उरलेल्या सोडून दिल्या तर चालेल का?

उत्तर १
नाही. लॉग-टाऊ आणि थीटा[१] यांचा स्कॅटर प्लॉट काढा, डायव्हर्जंट ड्रॉ (सॅम्पल केलेले बिंदू) वेगळ्या रंगात. नरसाळं दिसेल आणि ते ठिपके नळीच्या तोंडाशी गोळा झालेले असतील. टाऊ लहान झाला की आठही थीटा म्यूला चिकटतात आणि बाहेरच्या रुंद भागात जमलेली स्टेप (सॅम्पलरचं पाऊल) तिथे फार मोठी पडते. अडॅप्ट-डेल्टाने स्टेप बारीक होते, नळी रुंद होत नाही. चेन (सॅम्पलरची वाटचाल) आत शिरत नाही म्हणून टाऊचा अंदाज वर सरकतो.

थीटा थेट सॅम्पल करू नका. पॅरामीटर्स ब्लॉकमध्ये ईटा ~ नॉर्मल(०, १) घ्या, ट्रान्सफॉर्म्ड पॅरामीटर्समध्ये थीटा = म्यू + टाऊ × ईटा. लाइकलीहूड (डेटा थीटाशी जोडणारा भाग) तसाच राहील. टाऊची खालची मर्यादा शून्य ठेवायला मात्र विसरू नका. जुन्या रूपात ऋण टाऊवर स्टॅन तक्रार तरी करायचा. इथे टाऊ आणि ईटा दोघांची चिन्हं उलटली तरी थीटा तीच येते, म्हणून मुकाट्याने दोन शिखरं तयार होतात.

उत्तर २
हे ईटाचं रूप सरसकट वापरू नका. गटागटात भरपूर डेटा असेल, म्हणजे त्रुटी टाऊपेक्षा खूप लहान असतील, तर उलट हेच रूप अडकतं आणि जुनं बरं चालतं. इथे त्रुटी ९ ते १८ आहेत, तेव्हा प्रश्न नाही. बग्ज या जुन्या सॉफ्टवेअरच्या कोडमधला टाऊच्या वर्गावरचा इन्व्हर्स-गॅमा(०.००१, ०.००१) प्रायर मात्र उचलू नका. दिसायला निरुपद्रवी, पण गट आठच असताना निकाल तोच ठरवतो.

प्रश्नकर्ता
आता एकही डायव्हर्जन्स नाही. पण पहिल्या शाळेचे २८ फारच खाली आलेत. काही चुकलं का?

उत्तर १
नाही. १५ त्रुटीच्या २८ मध्ये दम किती? भारित सरासरी ७.७ आहे, तिची त्रुटी ४.१. टाऊ लहान असला की सगळ्या थीटा तिकडेच ओढल्या जाणार. म्यूवर नॉर्मल(०, ५) लावला असेल तर त्याच्याही खाली. तो प्रायर एकदा तपासा.