खनिजं उडून जात नाहीत

कुणीतरी लिहिलंय की गोजी बेरी (वाळवून खातात ते छोटं लाल फळ) लाल होता होता तिच्यातली खनिजं उडून जातात. उडून जाणार कुठं? कॅल्शियम म्हणजे काही क जीवनसत्त्व नव्हे, नासायला. फळ फुगतं, पाणी-साखर वाढते, म्हणून ग्रॅममागं कॅल्शियम कमी भरतं. शिवाय कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबर चढतं, तेही बहुतेक फळ कोवळं असतानाच. पोटॅशियम मात्र पानांतल्या साखरेसोबत शेवटपर्यंत येत राहतं.

गोजी टमाट्याच्याच कुळातली. आमच्याकडं जालन्याला एका उन्हाळ्यात लाइटीचे वांदे, पाणी चार-चार दिवसांनी. हिरव्या टमाट्यांची बुडं काळी, चामड्यासारखी झाली. रान चुनखडीचं, कॅल्शियम हवं तेवढं, पण पाण्याअभावी ते फळापर्यंत पोचलंच नाही, म्हणून बुडं काळी पडली. ठिबक रोज थोडं थोडं सोडलं, तेव्हा पुढचा तोडा नीट निघाला.