बंब बंद करून सोलर बसवला, घरात दोन पक्ष पडलेत

शहापूरकर
आमच्या न्हाणीतला पाणी तापवायचा तांब्याचा बंब आजोबांच्या वेळचा. मार्चमध्ये तो बंद केला आणि गच्चीवर काचेच्या नळ्यांचा १०० लिटरचा सोलर बसवला. कारण आईचा खोकला. न्हाणीला खिडकी नावापुरती. पहाटे बंब पेटला की धूर आधी स्वयंपाकघरात, मग बाहेर. आणि पेटवायचा कशानं? दुधाच्या पिशवीनं. खोटं बोलू नका, तुमच्याकडंही तेच चालतं.

पर्यावरण राहू दे बाजूला, स्वतःच्या छातीसाठी तरी बंब बंद करा. अंगालाही बरं आणि हवेलाही बरं, अशा गोष्टी फार थोड्या असतात, त्यातली ही एक. काका मात्र रोज आंघोळ करून बाहेर आले की सुरू, "बंबाच्या पाण्याची सर नाही याला." बोला आता.

जांबोटीचा_पाऊस
आधी जुलैत जांबोटीला या, मग सोलरवर बोलू. कणकुंबी पट्ट्यात झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. तेव्हा तुमच्या काचेच्या नळ्या काय करणार? शेवटी गिझरच लावणार की. १०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळजवळ ३ युनिट वीज लागते, हिशेब करून बघा. त्यातली थोडीफार रायचूरच्या कोळशावरच्या वीज केंद्रातूनच येणार. म्हणजे धूर गेला नाही, तो रायचूरवाल्यांच्या दारात नेऊन ठेवला.

आमच्या बंबात काय जळतं? करवंट्या, काजूच्या वाळक्या फांद्या, बांधावरची पडलेली लाकडं. झाड वाढताना हवेतून घेतलेलाच कार्बन परत हवेत जातो. बंबाच्या उबेला कपडे वाळतात, राख भाजीच्या वाफ्यात जाते. काच, लोखंड, फोम वापरून कारखान्यात बनवलेली टाकी इकोफ्रेंडली आणि करवंटी नाही? हे शहरातलं गणित आम्हाला पटत नाही.

टिळकवाडी_तिसरं_गेट
+१. आणि सोलरच्या नळातून गरम पाणी यायच्या आधी बादलीभर गार पाणी सांडतं, ते कुणी मोजत नाही. उन्हाळ्यात बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाची पातळी खाली गेली की मोजतील.

शहापूरकर
@टिळकवाडी ते पाणी मी बादलीत धरतो, झाडांना घालतो. मुद्दा बरोबर आहे, पण त्यानं आईचा खोकला परत आणू काय?

चिकोडीचे_मास्तर
रसायन शिकवतो म्हणून थोडं लांबण लावतो, माफ करा.

प्लास्टिक सगळं एकसारखं नसतं. दुधाची पिशवी पॉलिथीनची, तिच्यात क्लोरीन नसतो. पण ती धड जळत नाही, काजळी आणि विषारी वाफा सोडते. खरी भीती वायरीचं आवरण, रेक्झिन, पाइपचे तुकडे यांची. ते पीव्हीसी, म्हणजे क्लोरीन असलेलं प्लास्टिक. जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, आणि बंबातल्यासारख्या अर्धवट जाळात डायॉक्सिन नावाची अतिविषारी द्रव्यंही तयार होतात. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात ॲल्युमिनियमचा थर असतो, तो राखेत उतरतो. अशी राख जांबोटीकरांनी वाफ्यात घालू नये. भांडी घासायला तर मुळीच नको.

मात्र जांबोटीकरांचं अर्धं खरं म्हणून सगळं खरं होत नाही. प्लास्टिक अजिबात न टाकता नुसतं लाकूड जाळलं तरी धुरात बारीक कण असतातच. कार्बनचा हिशेब जमला म्हणून फुफ्फुसाचा जमत नाही, ही दोन वेगळी खाती आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अतिबारीक कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपल्या देशाची ४० आहे. बंद न्हाणीत ओलं लाकूड धुमसलं की दोन्ही मर्यादा पार मागं राहतात.

आणि उघड्यावर कचरा जाळायला हरित लवादानं २०१६ मध्येच बंदी घातली, साध्या जाळण्याला ५ हजार दंड. कुणाला झालाय असं मी आमच्या गावात ऐकलेलं नाही.

जांबोटीचा_पाऊस
मास्तर, ओलं लाकूड आम्ही जाळतच नाही. दिवाळीनंतर फोडून माळ्यावर टाकतो, ते पुढच्या पावसाळ्यात काढतो. आणि आमचा बंब न्हाणीत नाही, मागच्या सोप्याला उघड्यावर आहे. धूर आमच्या नाकात येत नाही.

वडगावची_वहिनी
मघापासून बघतेय, बंबावर इतकं बोलणं चाललंय, पण पेटवतं कोण ते एकानं लिहिलं नाही. पहाटे पाचला उठून जाळ मी घालते. फुंकणी माझ्या तोंडाला. डोळे माझे चुरचुरतात. "बंबाच्या पाण्याची सर" म्हणणारा काका आमच्याकडंही आहे, तो साडेसातला टॉवेल घेऊन येतो.

प्लास्टिक का घालते तेही सांगते. आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी कधी येते, कधी चार दिवस फिरकत नाही. दारात पिशव्या साठल्या की कुत्री फोडतात. त्यापेक्षा बंबात घातलं की संपलं, असं वाटायचं. मास्तरांचं वाचून आता हात थांबेल. पण गाडी रोज आली असती तर कधीच थांबला असता.

चिकोडीचे_मास्तर
वहिनी, हे मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं.

अनगोळ_भाडेकरू
तुम्हा सगळ्यांना गच्ची आणि परडं आहे म्हणून वाद घालता. आमच्या मालकानं गच्चीला कुलूप लावलंय. आम्ही गृहज्योतीतले, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेतले, २०० युनिटच्या वर गेलं की सगळं बिल अंगावर. गिझर लावला की महिन्याच्या शेवटी मीटरकडं बघत बसायचं. म्हणून एक बादली गॅसवर तापवायची, त्यात दोघांची आंघोळ. आमच्यापेक्षा पर्यावरणवादी कोण हाय दाखवा की.

शहापूरकर
@अनगोळ हसलो, पण खरं आहे. १०० लिटरची टाकी आल्यापासून आमच्याकडं पाणी जास्तच सांडतं. पोरगं दोन-दोन बादल्या घेतं, "सोलरचं फुकट आहे" म्हणून.

@जांबोटी, पावसाचं मान्य. जूनच्या शेवटापासून आमच्याकडंही पाणी नुसतं कोमट येतंय. टाकीत विजेची कांडी आहे, ती आठवड्यातून तीन-चार वेळा लावावी लागते. विकणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं. बोअरच्या पाण्यानं नळ्यांत क्षार धरतात हेही नाही. पण आईचा खोकला उतरलाय. डॉक्टर म्हणाले इतर कारणंही असतील, असतील. मला धूर पुरे झाला.

जांबोटीचा_पाऊस
आईला बरं आहे ना, मग वाद संपला. आमच्याकडं मात्र बंबच राहणार. वहिनींचं वाचून एक बदल केला, उद्यापासून जाळ मी घालणार. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "बघू किती दिवस."

टिळकवाडी_तिसरं_गेट
@शहापूरकर तो जुना बंब विकणार काय? तांब्याचा आहे ना? वजन किती भरेल?

शहापूरकर
आई देत नाही. घासून, पुसून सोप्यात ठेवलाय, वर तुळशीची कुंडी.