स्पायडर आरटी : ठराविक वेगाला थरथर, आणि जादा दिवे

प्रश्न : कॅन-ॲम स्पायडर आरटी (पुढे दोन, मागे एक चाक असलेली तीनचाकी मोटरसायकल), १३३० सीसी. ९० ते १०० किमीच्या दरम्यान पायाखाली थरथर येते, वेग बदलला की जाते. मागचा टायर फक्त मधोमध झिजलाय. शिवाय फॉग लाइट लावायचेत. हेडलाइटच्या वायरलाच जोडले तर?

प्रतिसाद १ : एकाच वेगाला येते, म्हणजे बहुधा ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकाला देणारा पट्टा) तारेसारखा झंकारतोय. घट्ट करत सुटू नका, जादा ताणाने बेअरिंग जातात. बेल्टला टेकणारा स्प्रिंगवाला रोलर बसवा. ताण बदललाच तर चाक हाताने फिरवून बेल्ट स्प्रॉकेटच्या (बेल्ट ज्यावर फिरतो त्या दातेरी चाकाच्या) कडेला घासत नाही ना, ते बघा. हँडल थरथरत असेल तर मात्र पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग.

प्रतिसाद २ : टायर मधोमध जातोय, म्हणजे आधी हवा जास्त आहे का ते तपासा. ही गाडी झुकत नाही, त्यामुळे मागे कारसारखा सपाट पृष्ठभागाचा टायर असतो, तो एकसारखा झिजायला हवा. हवा थंड टायरमध्ये, स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे. पुढे-मागे आकडे वेगळे. पुढचे टायर आतल्या कडेला झिजले तर अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कोन) तपासा.

प्रतिसाद ३ : हेडलाइटला अजिबात नको. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ९ अँपिअरच्या वर. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौ. मिमी वायर, मध्ये रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच). रिलेची कॉइल चावीबरोबर बंद होणाऱ्या लाइनवर, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते. एलईडी घेतलेत तर फ्यूजही लहान.