टर्बो सी++ ३.०: मॅलॉक नल देत नाही, तरी चाळीसेक तालुक्यांनंतर प्रोग्रॅम हँग

नांदेड_डिप्लोमा:
लॅबला डॉसबॉक्सवर (नव्या पीसीवर जुनं डॉस चालवणारा प्रोग्रॅम) टर्बो सी++ ३.० हा कंपायलर आहे, मेमरी मॉडेल स्मॉल (सगळा डेटा ६४ केबीत). मराठवाड्यातल्या ७६ तालुक्यांचा ३६५ दिवसांचा पाऊस फ्लोटमध्ये (४ बाइटांचा दशांश आकडा) ठेवायचाय. ग्लोबल ॲरे घेतला तर ‘ॲरे साइझ टू लार्ज’. म्हणून मॅलॉक(७६ * ३६५ * साइझऑफ(फ्लोट)) करून चालू प्रोग्रॅममध्ये तेवढे बाइट मागितले. नल (मेमरी मिळाली नाही ही खूण) येत नाही, तपासलंय. पण चाळीसेक तालुके भरले की स्क्रीन गोठते. डॉसबॉक्सचं मेमसाइझ (मेमरी किती ती सेटिंग) वाढवून पाहिलं, फरक शून्य.

जुना_सी_परभणी:
मेमसाइझ होतं तसं करून टाका. ती वाढ १ एमबीच्या वरची. तुमचा प्रोग्रॅम ६४० केबीच्या आतच राहणार.

गोची गुणाकारात आहे. इथं साइझऑफचं उत्तर १६ बिटांचं अनसाइन्ड असतं, म्हणून गुणाकारही ६५,५३५ च्या पुढं मावत नाही. खरा आकडा १,१०,९६० बाइट, त्यातले ६५,५३६ गळाले, उरले ४५,४२४. मॅलॉकनं तेवढेच मागितले असं समजून दिले, मग नल कशाला येईल? त्यात मावतात ११,३५६ फ्लोट, म्हणजे ३१ तालुके आणि बत्तिसाव्याचे ४१ दिवस. त्यापुढचे आकडे हीप (मॅलॉक जिथून देतं ती जागा) आणि स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती जागा) यांच्या मधल्या पडीक रानात जातात, म्हणून चालल्यासारखं वाटतं. स्टॅकला धडकले की फंक्शनचा परतीचा पत्ताच पुसला जातो.

लातूर_लॅब:
फारमॅलॉक (६४ केबीहून मोठा तुकडा देणारं) वापरा, पण (अनसाइन्ड लाँग) हा कास्ट, म्हणजे ३२ बिटांत बदल, पहिल्या ७६ च्या आधी. पूर्ण गुणाकाराला कंस घालून बाहेरून कास्ट केला तर आकडा आधीच गळालेला असतो. पॉइंटर ‘ह्यूज’ घ्या. पत्त्याचे दोन भाग, सेगमेंट आणि त्याच्या आतला ऑफसेट; ‘फार’ पॉइंटरचा ऑफसेट ६४ केबीनंतर परत शून्यावर येतो, सेगमेंट पुढं सरकत नाही.

जुना_सी_परभणी:
ह्यूजचं गणित हळू चालतं. त्यापेक्षा लार्ज मॉडेल (मेन्यूत ऑप्शन्स, कंपायलर, कोड जनरेशन) आणि ७६ पॉइंटरांचा ॲरे. दर तालुक्याला वेगळा मॅलॉक, १,४६० बाइटांचा. हेडर (तुकड्याआधीची नोंद) धरून एक तुकडा १,४७२ बाइट खातो, एकूण १,११,८७२. प्रत्येक वेळी नल तपासाच.

मॉडेल बदलल्यावर ‘बिल्ड ऑल’ करा, आधी कंपाइल झालेल्या जुन्या ओबीजे फायली चालत नाहीत. फाइल डॉट सी असेल तर अलॉक डॉट एच (मॅलॉकची माहिती देणारी फाइल) इन्क्लूड हवंच. नाहीतर मॅलॉक इंट देतं असं धरलं जातं आणि पत्त्याचा सेगमेंट हरवतो.

नांदेड_डिप्लोमा:
सर, तसंच केलं. आता पंचेचाळिसाव्या तालुक्याच्या आसपास नल येतोय.

लातूर_लॅब:
आयडीईतूनच (टर्बोच्या एडिटरमधून) रन करताय ना? ऑप्शन्स, डीबगरमध्ये ‘प्रोग्रॅम हीप साइझ’ ६४ (केबी) असेल, ते २०० करा. नाहीतर बाहेर येऊन डॉस प्रॉम्प्टवरून ईएक्सई चालवा, तिथं ही मर्यादा लागत नाही. तरी अडलं तर सुरुवातीला कोअरलेफ्ट (किती मेमरी उरली ते सांगणारं फंक्शन) छापून बघा. लार्जमध्ये ते अनसाइन्ड लाँग देतं; छापताना टक्का-एल-यू, टक्का-डी नको.