मुलगी दुसरीत आहे, नजर कमी होत चाललीय. मराठी ब्रेल घरी कसं सुरू करू?

माणदेशची_आई
नमस्कार. मुलगी ७ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तिला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. भर उजेडात मोठी अक्षरं नाकाशी धरून वाचते, दिवेलागण झाली की चाचपडते. डॉक्टरांनी सांगितलंय, नजर आणखी उतरत जाणार. शाळेत म्हणतात, "तिला ऐकू द्या, ऐकून सगळं पाठ होतं." होतंच. कविता तोंडपाठ आहेत. पण परवा वहीत स्वतःचं नाव लिहिताना ओळ सापडेना म्हणून रडली. मला ब्रेल येत नाही, तालुक्यात शिकवणारं कुणी माहीत नाही, आणि निवासी शाळेत पाठवायला मन होत नाही. सुरुवात कुठून करू? पुस्तकं कुठे मिळतात?

सहा_ठिपके
ताई, मी जन्मापासून अंध, बँकेत नोकरीला आहे. तिला नुसत्या ऐकण्यावर सोडू नका, एवढं माझं ऐका. मी चौथीपर्यंत ब्रेल वाचलं. पुढे कॅसेट आली, मग मोबाईल, आणि ब्रेल सुटलं. पदवी झाली, नोकरी लागली. पहिलं मराठी पत्र टाइप करून साहेबांपुढे ठेवलं, तर ओळीओळीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं. कानाला 'दिन' आणि 'दीन' एकच. 'श' आणि 'ष' एकच. बोटाला मात्र 'इ' म्हणजे २ आणि ४ नंबरचे ठिपके आणि 'ई' म्हणजे ३ आणि ५, दोन्ही वेगळी लागतात. तिशीत पुन्हा ब्रेल धरलं, रोज वाचतो, पण लहानपणी येतो तो वेग आता येत नाही. त्या वर्षांची हळहळ अजून वाटते.

तालुक्याची_बाई
मी समावेशित शिक्षणाचं काम करणारी विशेष शिक्षिका. आधी कागदाचं बघा. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आहे, जवळच्या शाळेत की विशेष शाळेत हे तुम्ही ठरवायचं. मग पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात जाऊन विशेष शिक्षक आणि ब्रेल पुस्तकं यांची मागणी लेखी द्या. तोंडी सांगितलेलं राहून जातं. पोच घ्या.

आता घरचं. लगेच कागद देऊ नका, आधी बोटं तयार होऊ देत. तूर, मूग, हरभरा एकत्र करून डोळे मिटून निवडायला लावा. ब्रेलचं एक अक्षर सहा ठिपक्यांच्या जागेत बसतं, म्हणून अंड्यांच्या ट्रेचा सहा खळ्यांचा तुकडा कापा, तीन-तीन खळ्यांच्या दोन उभ्या रांगा. डावीकडे वरून खाली १, २, ३, उजवीकडे ४, ५, ६. खळ्यांत लिंबं ठेवायची. ३, ४, ५ मध्ये ठेवलीत की 'आ'. शेजारी दुसरा तुकडा, त्यात ३ आणि ५, की 'ई'. पहिला शब्द झाला.

तुम्हीही शिका, तुम्हाला डोळ्यांनी आठवडाभरात अक्षरं येतील. भारती ब्रेल १९५१ पासून आपल्या सगळ्या भाषांना एकच आहे. आईवडील अडतात ते दोन ठिकाणी. एक, 'मि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, ब्रेलमध्ये आधी 'म', मग 'इ', बोलतो त्याच क्रमाने. दोन, जोडाक्षरात हलन्ताचा ठिपका, म्हणजे ४, अर्ध्या अक्षराच्या आधी येतो. 'मित्र' म्हणजे म, इ, हलन्त, त, र.

पाटी आणि शलाका, म्हणजे कागदावर ठिपके टोचायची चौकट आणि टोचणी, मात्र वाचन बसल्यावरच. पाटीवर उजवीकडून डावीकडे, उलट टोचावं लागतं. वाचन पक्कं नसताना मुलं तिथे गोंधळतात. जवळच्या अंधशाळेत ब्रेलर, म्हणजे ब्रेल टाइप करायचं यंत्र, वापरायला मिळाला तर फार चांगलं. आणि आहे ती नजर वाया घालवू नका. ठळक मोठी अक्षरं आणि ब्रेल, दोन्ही सोबत चालू देत.

पुस्तकांची_ने_आण
'सुगम्य पुस्तकालय' हे २०१६ साली सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे, प्रमाणपत्र दाखवून सभासद होता येतं. नॅब ही अंधांसाठी काम करणारी जुनी संस्था, १९५२ ची, मुंबईत आहे, महाराष्ट्र शाखा नाशिकला. तिथे ब्रेल पुस्तकांची चौकशी करा. टपालाला घाबरू नका, अंधांसाठीचं ब्रेल साहित्य पोस्टाने साध्या मार्गाने विनाशुल्क जातं. गठ्ठे मोठे येतात, कारण छापील छोट्या पुस्तकाचेही ब्रेलमध्ये जाडजूड खंड होतात, तेव्हा फळी रिकामी करून ठेवा. 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ साली सुरू झालं, ती मोठी झाली की त्याची चौकशी जरूर करा.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, पण मजकूर जुन्या फाँटात असेल तर मोबाईल तो बरोबर वाचत नाही. मग पानाचा फोटो गूगल लेन्सने युनिकोडमध्ये घ्यायचा आणि चुका हाताने दुरुस्त करायच्या. आमच्याकडे चारपाच आया धडे वाटून घेऊन हेच करतात. पुढे संगणकाला एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लागेल, तेही मोफत आहे, मराठी बोलतं.

शेवंता_७८
निवासी शाळेला एकदम नाही म्हणू नका. माझा मुलगा पहिली ते चौथी तिथे राहिला. पहिले दोन महिने आम्ही दोघंही रडलो. पण पाचवीला गावच्या शाळेत परतला तेव्हा ब्रेल, टेलर फ्रेमवरची (अंधांसाठीच्या आकड्यांच्या पाटीवरची) गणितं आणि एकट्याने चालणं, तिन्ही घेऊन आला. गावात हे त्याला कुणी दिलं नसतं.

सहा_ठिपके
शेवंताताईंचं खरं आहे. पण या मुलीला अजून थोडं दिसतंय आणि आई शिकायला तयार आहे. वर्षभर घरी करून पाहा, विशेष शिक्षक येतच नसतील तर मग ठरवा.

माणदेशची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी पंचायत समितीत अर्ज देतेय. काल ट्रे कापला. लिंबं महाग म्हणून चिंचोके घेतले, पण ते खळीत घसरतात, आज लाडूएवढे मातीचे गोळे केले. तिने 'आई' तीनदा लावलं, मग 'बाबा' कसं म्हणून विचारलं. मला बघून सांगावं लागलं. शलाका येईल तेव्हा जाड कागद कुठला आणू?

तालुक्याची_बाई
ब १-२, आणि पुढे तुमचा तोच 'आ'. कागद विकत आणू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरची जुनी पानं जाड असतात, सरावाला उत्तम.

माणदेशची_आई
सासूबाईंनी गेल्या सहासात वर्षांची गादीखाली ठेवलीत. आजच काढते.